शेजारच्या सीटसाठी जादा आरसा: तीन महिने वापरल्यानंतर

मुलगा अठरा वर्षांचा झाला आणि गाडी शिकायला लागला. शिकवणाऱ्या सरांच्या गाडीत त्यांच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो. आमच्या गाडीत शेजारच्या सीटखाली नुसती चटई आहे. सरांकडचे तास संपले, आता घरच्या गाडीवर सराव करायचा असं ठरलं, त्या रात्री मला झोप लागली नाही. मी स्वतः बावीस वर्षं गाडी चालवते आहे. पण चालवणं वेगळं आणि चालवणाऱ्याच्या शेजारी हात मांडीवर ठेवून बसणं वेगळं, हे पहिल्याच दिवशी कळलं.

सगळ्यात जास्त त्रास झाला तो मागचं न दिसण्याचा. गाडीतले तिन्ही आरसे चालवणाऱ्याच्या डोळ्यांसाठी लावलेले असतात. शेजारी बसलेल्याला मधल्या आरशात मागच्या सीटचा कोपरा दिसतो, फार तर दाराची काच. त्यामुळे मी सारखी मान वळवून मागे बघायची. मी वळले की त्याला वाटायचं, काहीतरी चुकलं. तो अॅक्सिलरेटरवरून पाय काढायचा. तिसऱ्या दिवशी एका मोठ्या रस्त्यावर मी अशीच वळले, त्याने पाय काढला आणि मागचा ट्रक हॉर्न वाजवत अगदी जवळ आला.

"काय झालं, आई?"

"काही नाही रे, मागे बघत होते."

"तू बघतेस ना, तेव्हा माझे हात घट्ट होतात."

ताशी 50 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ 14 मीटर जाते. मान वळवून बघायला आणि परत समोर यायला दीड सेकंद धरला, तरी वीसेक मीटर रस्ता मी पाहिलेलाच नसायचा. आणि धोका बहुतेक वेळा समोरच असतो. त्या रात्री मी हा आरसा मागवला.

खोक्यात दोन आरसे आले. एक लांबट, साधारण मधल्या आरशाएवढा, काचेला चिकटवायच्या रबरी वाटीवर बसवलेला. दुसरा लहान, गोल. मोठा मागचा रस्ता बघायला आणि लहान शिकणाऱ्याचे डोळे बघायला. गाडी शिकवणारे लोक असे दोन आरसे लावतात, हे मला आधी माहीत नव्हतं.

आधी मोठ्याबद्दल. हा लावताना घाई करू नका. मी पहिल्यांदा काच न पुसताच दाबून बसवला. दोन दिवस राहिला आणि तिसऱ्या दिवशी नेमका चौकात सिग्नल सुटताना माझ्या मांडीवर पडला. मुलाने दचकून ब्रेक मारला, गाडी बंद पडली. रबरी वाटी काचेला धरून राहते ती बाहेरच्या हवेच्या दाबामुळे. आत धुळीचा कण राहिला तर तिथून हवा शिरते आणि पकड सुटते. काच ओल्या फडक्याने पुसून कोरडी करायची, वाटीला ओलं बोट फिरवायचं आणि मधोमध दाबून आतली हवा काढायची. असं केल्यावर महिनाभर हलला नाही. गाडी उन्हात उभी राहिली की रबर मऊ पडतं, म्हणून आता दर सरावाआधी मी एकदा हाताने दाबून बघते.

जागा काचेच्या वरच्या भागात निवडा, आपल्या बाजूला, चालवणाऱ्याच्या नजरेत न येणारी. डॅशबोर्डवर अजिबात नको. शेजारच्या सीटची एअरबॅग तिथूनच उघडते, आणि ती उघडली तर डॅशबोर्डवर लावलेली वस्तू सरळ आपल्या तोंडावर येईल.

बसल्यावर मात्र या आरशाने फार मोठं काम केलं. मान न वळवता मागची मोटरसायकल, तिच्या मागची गाडी, दोघांमधलं अंतर, सगळं दिसायला लागलं. मी गप्प बसू शकले. गप्प बसणं ही या सरावातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे, निदान माझ्यासारख्या आईला तरी. माझी भीती कमी झाली असं मी म्हणणार नाही. पण ती मानेतून, खांद्यातून त्याच्यापर्यंत पोचायची, ते थांबलं. आठवडाभरात त्याचा हाफ क्लच, म्हणजे क्लच अर्धा सोडून गाडी हळूहळू पुढे काढणं, सुधारला, चढावर गाडी मागे घसरणं बंद झालं. सगळं श्रेय आरशाला देत नाही, पण हात घट्ट झालेल्या मुलाला हाफ क्लच जमत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

एक दोष सांगायलाच हवा. माझ्याकडे आलेला आरसा किंचित फुगीर आहे. फुगीर आरशात जास्त रस्ता मावतो, पण मागची वाहनं लहान आणि त्यामुळे लांब वाटतात. गाडीचा मधला आरसा बहुधा सपाट असतो, त्याची सवय असलेल्या डोळ्याला फसायला वेळ लागत नाही. पहिल्या आठवड्यात मी या आरशात बघून त्याला म्हटलं, "जा, मोकळं आहे." मोकळं नव्हतं. मागची गाडी मला वाटली त्याच्या निम्म्या अंतरावर होती. तिच्या चालकाने सांभाळून घेतलं म्हणून निभावलं. त्यानंतर या आरशावरून मी त्याला कधीही "जा" म्हणत नाही. "थांब" म्हणायला हरकत नाही. जायचं की नाही ते त्याने त्याच्या आरशांत बघून आणि खांद्यावरून नजर टाकून ठरवायचं. अगदी शेजारून येणारा सायकलस्वार या आरशातही दिसत नाही, त्यामुळे खांद्यावरून बघायला पर्याय नाही.

खराब रस्त्यावर आरशामागची खीळ सैल होते आणि चित्र थरथरतं. रात्री मागच्या गाडीचे दिवे थेट डोळ्यांत येतात. मधल्या आरशाला असतो तसा रात्री खाली पाडायचा खटका याला नाही, म्हणून अंधार पडला की मी तो थोडा खाली वळवते.

आता लहान आरसा. त्याने एक चूक पकडून दिली, जी मला एरवी कळलीच नसती. मुलगा आधी इंडिकेटर द्यायचा आणि मग आरशात बघायचा. आधी आरसा, मग इंडिकेटर, मग वळायचं, हा क्रम सरांनी शिकवला होता, पण गडबडीत उलटा व्हायचा. त्याचे डोळे दिसल्यामुळे मला नेमकं सांगता आलं, आणि चार दिवसांत क्रम बसला.

सहाव्या दिवशी वर्दळीच्या गोल चौकात शिरताना मी त्या लहान आरशात पाहिलं, तर तो माझ्याकडेच बघत होता. रस्त्याकडे नाही, आरशातल्या माझ्या चेहऱ्याकडे. आई घाबरली आहे का, हे बघून तो ठरवत होता की शिरायचं की थांबायचं. मी काहीच बोलले नाही. घरी आल्यावर तो आरसा काढून कपाटात ठेवला. ज्यांना शांत चेहऱ्याने बसता येतं, शिकवायची सवय आहे, त्यांना तो उपयोगी पडेल. आईवडिलांनी हवा तर तीन-चार दिवस लावावा, नजरेचा क्रम तपासावा आणि काढून टाकावा.

मोठ्या आरशाला पाचपैकी चार तारे. एक तारा फुगीर काचेचा कापला. घेताना सपाट काचेचा मिळाला तर तोच घ्या.

मुलाला मागच्या महिन्यात परवाना मिळाला. आरसा मी अजून काढलेला नाही. मोठं माणूस शेजारी असताना शिकाऊ मुलांचे अपघात कमी होतात आणि एकटी चालवायला लागल्यावरचे पहिले काही महिने सगळ्यात धोक्याचे असतात, हे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. मित्र गाडीत असले आणि रात्र असली की धोका आणखी वाढतो. न्यूझीलंडने तर 1987 पासूनच नव्या चालकांना टप्प्याटप्प्याने परवाना द्यायची पद्धत सुरू केली, सुरुवातीला रात्री आणि मित्रांना घेऊन चालवण्यावर बंधनं. आम्ही घरात तसंच ठरवलं आहे. दिवसा तो एकटा जातो. रात्री आणि पावसात अजून आठवड्यातून दोनदा मी सोबत बसते. काल निघताना वाटीची पकड सुटली होती. मी फडकं शोधत होते, तेवढ्यात त्याने बोट ओलं करून आरसा बसवला, माझ्या उंचीला वळवला आणि विचारलं, "मागचं दिसतंय का नीट?"