हिरव्या टिंबाचा वुस्टरशर सॉस: घ्यावा का?

क्रॉफर्ड मार्केटात 'वुस्टरशर सॉस' मागितला की गल्ल्यावरचा माणूस सोया सॉस पुढे करतो. 'वॉर-सेस्टर-शायर' असं फोडून म्हटलं की लगेच बरोबर बाटली निघते. शुद्ध उच्चार घरीच ठेवा.

या वेळी देशी, हिरव्या टिंबाची बाटली घेतली. सासूबाई श्रावण कडक पाळतात, आणि मूळ सॉसमध्ये अँचोव्ही असतात, म्हणजे आपल्या मांदेलीच्या कुळातले मासे. सोबत व्हिनेगर, मोलॅसिस, कांदा, लसूण आणि चक्क चिंच. इंग्लंडमधल्या वुस्टर गावातल्या ली आणि पेरिन्स या दोन औषधविक्यांनी तो १८३७ च्या सुमारास विकायला काढला. 'शायर' म्हणजे जिल्हा, तेव्हा नाव नुसतं 'वुस्टर जिल्ह्याचा सॉस'. जुन्या लेबलवर 'जिल्ह्यातल्या एका उमरावाच्या पाककृतीवरून' असंही छापलेलं असे. उमराव कोण ते गुलदस्त्यात. पुढे १८७६ मध्ये तिथल्या कोर्टाने ठरवलं की हे नाव एकट्या ली-पेरिन्सच्या मालकीचं नाही. कोल्हापुरी चपलेला जीआयचं, म्हणजे भौगोलिक मानांकनाचं, कुंपण आहे, या नावाला तसं नाही. त्यामुळे मासे न घालता, वुस्टरपासून हजारो मैलांवर भरलेली बाटलीही खुशाल वुस्टरशर म्हणवते. नावावर जाऊ नका, बाटली उलटी करून घटक वाचा. माझ्या बाटलीत लसूण पावडर निघाली, म्हणजे चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्यांना हीसुद्धा बाद.

आता चव. नाकाला आधी व्हिनेगरच लागतं, चिंच जेमतेम. गोडी जरा जास्त. माशांमुळे मागून जी खारट खोली येते ती अर्थातच नाही, आणि खिम्यात ते लगेच कळतं.

पण चिली चीज टोस्टवर मात्र फर्मास! किसलेलं चीज, बारीक चिरलेली हिरवी मिरची आणि हा सॉस आधीच एका वाटीत कालवून घ्यायचा, मग पावावर थापून कडा करपेपर्यंत भाजायचं. वरून शिंपडलात तर पाव भिजतो आणि चीजवर काळे डाग उठतात. मुलांनी ताटात कडासुद्धा ठेवल्या नाहीत. भाजलेल्या मशरूमलाही चांगला लागतो. सँडविचच्या हिरव्या चटणीत घातला तर चटणी वाया जाते.

टोपणाचं भोक भलतंच मोठं आहे. दोन थेंब हवे असताना चमचाभर भसकन पडतो, आणि बाटलीचा गळा कायम चिकट. किंमत इंपोर्टेडपेक्षा बरीच कमी, म्हणून तीन तारे. टोपण धड असतं तर साडेतीन दिले असते.