इंजिनखालचं प्लास्टिक कव्हर फाटलं: काढून टाकायचं, शिवायचं की बदलायचं? (यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णीकडच्या रस्त्यांवरचा अनुभव)

आमच्या हॅचबॅकचं इंजिनखालचं काळं प्लास्टिक कव्हर, म्हणजे स्प्लॅश शील्ड, मागच्या उन्हाळ्यात वावराकडे जाताना पांदणीत फाटलं. त्यानंतर गाडी आधी कव्हरशिवाय चालवली, मग शिवलेल्या कव्हरवर, आणि पोळ्यापासून नव्या कव्हरवर. तिन्ही प्रकार एकाच गाडीवर आणि त्याच रस्त्यांवर वापरून पाहिले, म्हणून सविस्तर लिहितो. माझं मत आधीच सांगतो. आपल्या काळ्या मातीच्या भागात हे कव्हर काढून पावसाळा काढू नका. पण फाटलं की लगेच नवंच घ्यायला हवं, असंही नाही.

फाटायचं कारण आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. ट्रॅक्टरने पावसाळ्यात पाडलेल्या चाकोऱ्या उन्हात वाळून टणक होतात आणि मधला उंचवटा तसाच राहतो. गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासूनची उंची, 170 मिलिमीटरच्या आसपास, त्यात घरची चार माणसं आणि डिक्कीत खताची पोती. इंजिनच्या बेल्टच्या बाजूचा कोपरा घासला, दोन क्लिपा तुटल्या आणि कव्हर लोंबायला लागलं. असं लोंबतं कव्हर घेऊन हायवेला जाऊ नका. वेगात वारा त्याला पुढून धरतो, ते आणखी फाटतं आणि चाकात जाऊ शकतं. तेवढ्यापुरतं काढून डिक्कीत टाकणं बरं.

“काढूनच फेका ना भाऊ, काय काम हाय त्याचं?” हे मला एकाहून जास्त गॅरेजांत ऐकायला मिळालं. त्यामागे एक खरं कारण आहे. कव्हर असलं की ऑइल बदलताना बऱ्याच गाड्यांत ते काढावं लागतं, आणि इंजिनमधून थेंब थेंब ऑइल गळत असलं तर ते कव्हरवरच साचतं, अंगणात डाग पडत नाही, म्हणून उशिरा कळतं. उन्हाळाभर मलाही फरक जाणवला नाही. नागपूर–तुळजापूर हायवेवर भर दुपारी एसी लावून गेलो, तरी टेम्परेचरचा काटा होता तिथेच होता. गिट्टीच्या रस्त्यावर खालून खडे वाजायचे तेवढेच.

पहिल्या पावसानंतर मात्र चित्र पालटलं. रपट्यावरून वीतभर पाणी वाहत होतं, हळूच गाडी काढली, आणि पलीकडे गेल्यावर इंजिनमधून चिरकल्यासारखा आवाज सुरू झाला. बॅटरीचा लाल दिवा क्षणभर लागून गेला. पाणी बेल्टवर उडालं की बेल्ट पुलीवर घसरतो आणि त्यावर फिरणाऱ्या अल्टरनेटरची चार्जिंग पडते. बेल्ट वाळला, आवाज थांबला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी स्टार्ट करताना पुन्हा तोच आवाज. टॉर्च लावून पाहिलं तर बेल्टच्या आतल्या उभ्या खाचांत काळी माती बारीक दाबून भरलेली, तिच्यात रेतीचे चकाकणारे कण, आणि पुलीच्या कडेला घासल्याची ताजी रेघ. हे कव्हर नेमकं कशाला असतं, ते तिथे दिसतं. ते दगड अडवण्यासाठी नसतं. चाकाने उडवलेला चिखल आणि पाणी बेल्ट, अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर आणि सेन्सरच्या कनेक्टरांपर्यंत पोचू नये, यासाठी असतं. डांबरी रस्त्यावरच चालणाऱ्या गाडीला कदाचित हे महिनोन् महिने जाणवणार नाही. आमच्याकडे मृग बरसला की लगेच जाणवतं.

म्हणून जुनं कव्हर शिवून घेतलं. त्याच्या मागच्या बाजूला ‘पीपी’ असं कोरलेलं होतं, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. या प्लास्टिकला फेव्हिक्विक किंवा एम-सील नीट धरत नाही, त्यावर पैसे घालवू नका. कारागिराने आधी प्रत्येक चिरेच्या टोकाला ड्रिलने बारीक छिद्र पाडलं, त्यामुळे चीर पुढे सरकत नाही. मग सोल्डरिंगच्या तापल्या टोकाने बारीक तारेची जाळी प्लास्टिकमध्ये दाबून बसवली आणि वरून त्याच जातीचं प्लास्टिक वितळवून भरलं. तुटलेल्या क्लिपांच्या जागी मोठ्या वॉशरचे बोल्ट लावले. सायलेन्सरच्या पाइपकडची बाजू केबल टायने बांधू नका, गरमीने टाय वितळतो. तिथे बोल्टच हवा.

हे शिवलेलं कव्हर पावसाळ्याचा बराच भाग टिकलं आणि बेल्ट कोरडा राहिला. पण काळी माती ओली झाली की चिकटते आणि फुगते. कव्हरच्या वर तिचा थर बसला, पाणी निघायची भोकं बुजली, आणि त्या ओझ्याने शिवणीजवळच नवी चीर गेली. शिवण उकलली नव्हती, बाजूचं जुनं प्लास्टिकच कडक होऊन तडकलं. तेव्हा बदलायचं ठरवलं. माझा निकष आता असा झाला आहे: क्लिप बसते त्या जागा शाबूत असतील आणि प्लास्टिक हाताने वाकवल्यावर वाकत असेल तर शिवा, वाकवताना पांढरी रेघ उमटून तडतडत असेल, किंवा बेल्टसमोरचा तुकडाच गायब असेल, तर नवं घ्या.

लोखंडी गार्डचाही विचार केला होता. शेजाऱ्यांच्या गाडीला आहे. दगड लागला तर तो चेंबर, म्हणजे इंजिनच्या तळाची ऑइलची टाकी, वाचवतो, हे खरं. पण तो जड आहे, जमिनीपासूनची उंची आणखी घटते, बोल्ट सैल झाले की खडखडतो आणि चिखल वर अडकला की गंजतो. शिवाय तो इंजिनखालून जातो, बेल्टची बाजू उघडीच राहते. पांदणीतून रोज जाणाऱ्या जीपसारख्या गाडीला तो शोभतो. छोट्या गाडीला मी घेणार नाही.

नवं कव्हर यवतमाळहून कंपनीचंच आणलं, क्लिपांसह अडीच हजारांच्या आत. बाहेरचं स्वस्त मिळत होतं, पण हातात घेतलं तर पातळ होतं आणि ऑइल काढायची खिडकी त्याला नव्हती. यासाठी विम्याचा क्लेम करू नका. एक वर्ष क्लेम न केल्यास नो क्लेम बोनस, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियमवरची सूट, 20 टक्के मिळतो, पाच वर्षांत तो 50 टक्क्यांपर्यंत जातो. एवढ्याशा प्लास्टिकपायी तो घालवणं परवडत नाही.

नव्या कव्हरवर दिवाळी, तूर, कापूस सगळे हंगाम गेले. आवाज कमी झाला, बेल्ट स्वच्छ आहे. पण एक काम वाढलं. सोयाबीन निघताना रस्त्यावर कुटार (भुसा) पसरलेलं असतं आणि पुढे पऱ्हाट्यांच्या (कापसाच्या वाळल्या झाडांच्या) ट्रॉल्या जातात. त्या काड्याकुड्या कव्हरच्या वर आणि सायलेन्सरच्या पाइपजवळ अडकतात. तिथला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर स्वच्छ करणारा डबा, काही शे अंशांपर्यंत तापतो, कोरडं कुटार पेटायला तेवढं पुरे. मी संक्रांतीनंतर कव्हर उतरवलं, तर वर कापसाचा बोळा आणि कुरतडलेल्या सरक्या निघाल्या. उंदराने घर केलं होतं. वायर वाचली, कारण वेळेत पाहिलं. पाऊस संपल्यावर एकदा आणि कापूस निघाल्यावर एकदा, वॉशिंग सेंटरच्या रॅम्पवर गाडी चढवून कव्हर काढायला सांगा. क्लिपेची मधली टोपी आधी उचलावी लागते, ओढून काढली की ती तुटते. त्या मुलाला हे आधी सांगा आणि चार-पाच जास्तीच्या क्लिपा गाडीत ठेवा.

कव्हर घ्यायला जाताना जुना तुकडा सोबत न्या. पार्ट नंबर त्याच्यावरच कोरलेला असतो, आणि त्याच मॉडेलच्या पेट्रोल व डिझेल गाडीचं कव्हर वेगळं असू शकतं.