जँगोचं यूआरएल राउटिंग: झकास आहे, फक्त काना-मात्रा सांभाळा

मावशीच्या रेसिपीच्या साइटसाठी वर्षभर जँगो (पायथन भाषेत वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क) वापरतोय, तर हा रिव्ह्यू त्यातल्या एकाच गोष्टीचा, म्हणजे यूआरएल, पानांचे पत्ते, आपल्याला हवे तसे करून घेणं. ओआरएम (डेटाबेसशी बोलणारा भाग) आणि अ‍ॅडमिनवर लिहिणारे ढीगभर आहेत, ते तिकडे वाचा.

आधी चांगलं सांगतो. डिसेंबर २०१७ मध्ये जँगो २.० आलं, त्याच्या आधी प्रत्येक पत्ता रेजेक्समध्ये (अक्षरांचे नमुने लिहायच्या सांकेतिक भाषेत) लिहावा लागायचा, कॅरेट डॉलर कंसात कंस, महिन्याने तीच फाइल उघडली तर आपलंच आपल्याला वाचता येत नसे. आता साधं पाथ लिहायचं, आत इंट (आकडा) किंवा स्लग (हायफनने जोडलेलं नाव) किंवा यूयूआयडी (लांबलचक ओळख-क्रमांक) काय हवं ते सांगायचं, संपलं. रेजेक्सची हौस असेलच तर री-पाथ आहे अजून. प्रत्येक राउटला (पत्त्यांच्या यादीतल्या एका ओळीला) नाव देता येतं आणि टेम्प्लेटमध्ये (पानाच्या साच्यात) पत्त्याऐवजी ते नाव वापरलं की पुढे पत्ता बदलला तरी लिंका तुटत नाहीत. मावशीला अचानक ‘रेसिपी’ शब्द खटकायला लागला, ‘पाककृती’ कर म्हणाली, तर अक्षरशः एक ओळ बदलली आणि जुन्या पत्त्यांसाठी एक रीडायरेक्ट-व्ह्यू (नव्या पत्त्याकडे वळवणारा) लावला, चहा गार व्हायच्या आत काम झालं.

एक ठेच मात्र सगळ्यांना लागते, मलाही लागली. जँगो राउटांची यादी वरून खाली वाचतो आणि पहिला जुळला की तिथेच थांबतो. मी ‘पाककृतीचं नाव काहीही असो’ असा स्ट्रिंगवाला राउट वर ठेवला आणि ‘पाककृती/नवीन’ खाली, मग काय, तो ‘नवीन’ नावाचा पदार्थ शोधत बसला. डीबग (चुका शोधायचा मोड) चालू असताना ४०४ च्या, म्हणजे ‘सापडलं नाही’च्या, पानावर कुठले कुठले पॅटर्न तपासले त्याची यादी येते म्हणून जुळवाजुळवीतल्या बाकी चुका सापडतात, पण इथे ती यादी शेवटचा पॅटर्न जुळला एवढंच सांगत होती कारण राउट जुळलेला होता ना, चूक माझ्या क्रमात होती.

आता खरी गंमत. मावशीला पत्ते मराठीत हवे होते. नावावरून स्लग बनवणाऱ्या स्लगिफाय फंक्शनला अलाऊ-युनिकोड ट्रू (इंग्रजीबाहेरची अक्षरंही चालू दे) दिलं, हे जँगो १.९ पासून आहे, म्हटलं झालं काम. ‘पिठलं भाकरी’ सेव्ह केलं तर पत्ता आला ‘पठल-भकर’. थालीपीठाचं ‘थलपठ’. कोथिंबीर वडीचं ‘कथबर-वड’!! मावशी म्हणाली, “अरे, कुठल्या गावची भाषा आहे ही?” कारण असं की स्लगिफाय पायथनच्या बॅकस्लॅश-डब्ल्यूवर (रेजेक्समधली ‘अक्षर, आकडा किंवा अंडरस्कोर’ अशी खूण) चालतं आणि पायथनच्या लेखी काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही अक्षरंच नाहीत, म्हणून सगळं झाडून काढतं. वर स्लग कन्व्हर्टर (पत्त्यातला स्लग तपासून घेणारा भाग) फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे, हायफन आणि अंडरस्कोर घेतो, म्हणजे पत्ता नीट लिहिला असता तरी ४०४ च.

पण इथेच मला जँगो आवडला. आपला स्वतःचा कन्व्हर्टर लिहायचा, छोटासा क्लास, त्यात तीन गोष्टी: रेजेक्स, टू-पायथन (पत्त्यातून पायथनकडे) आणि टू-यूआरएल (पायथनकडून पत्त्यात). रेजेक्समध्ये देवनागरीचा अख्खा युनिकोड पट्टा टाकला, स्लग बनवायचं फंक्शन स्वतःचं लिहिलं, कन्व्हर्टर रजिस्टर केला, आणि थालीपीठ परत थालीपीठ झालं. मग हुरूप आला म्हणून वर्षाच्या अर्काइव्हला ‘२०२३’ असे मराठी आकडे लावले. बिल्ट-इन इंट ते घेत नाही, त्याला ० ते ९ इंग्रजीच लागतात, पण पायथनचं स्वतःचं इंट मराठी आकडे आरामात वाचतं! म्हणजे टू-पायथनमध्ये एकच ओळ. उलट दिशेला टू-यूआरएलमध्ये आकडे बदलून द्यावे लागतात, ते विसरलात तर रिव्हर्स करताना (राउटच्या नावावरून पत्ता बनवताना) नो-रिव्हर्स-मॅच ही एरर घेऊन बसाल.

एवढं करून मावशीने लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली आणि तिथे मराठीऐवजी टक्क्याच्या चिन्हांची माळ. यात जँगोचा दोष नाही, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची पद्धत) ३ बाइट्स आणि एन्कोड झाल्यावर ९ कॅरेक्टर, म्हणजे साधं ‘पुणे’ लिहिलं तरी ३६. ब्राउझरच्या पट्टीत छान मराठी दिसतं, कॉपी केलं की बहुतेक वेळा हा रामरगाडा. शेवटी तिला शेअर करायला एक वेगळा छोटा राउट दिला, एक अक्षर आणि रेसिपीचा नंबर, तो पूर्ण मराठी पत्त्यावर रीडायरेक्ट होतो.

पाचपैकी चार स्टार. एक कापला कारण सगळे राउट एका यादीत दाखवणारी कमांड जँगोत अजून नाही, रेल्समध्ये (रुबी भाषेतलं असंच फ्रेमवर्क) आहे, इथे जँगो-एक्स्टेन्शन्स हे पॅकेज वेगळं टाकावं लागतं. आणि हो, फॉर्मच्या पत्त्याला शेवटचा स्लॅश विसरू नका, अपेंड-स्लॅश ही सेटिंग स्लॅशवाल्या पत्त्यावर रीडायरेक्ट करते आणि लाइव्ह साइटवर पोस्टचा (फॉर्ममधून पाठवलेला) डेटा वाटेतच सांडतो, मावशीच्या दोन रेसिप्या मी अशाच घालवल्यात, त्यातली एक आळूवडीची होती, ती तिने परत टाइप केलेली नाही अजून.