काचरूप पॉलिमरमधील विसरण आणि लॅम्प्स : एक परीक्षण

अ‍ॅक्रिलिकची म्हणजे पीएमएमएची चकती मेथॅनॉलमध्ये ठेवली, तर तिचे वजन फिकच्या नियमानुसार काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात न वाढता थेट काळाच्याच प्रमाणात वाढते आणि फुगलेला थर व आतला कोरा गाभा यांमधील सीमा एकसारख्या वेगाने आत सरकते. रेणूंच्या पातळीवर या वर्तनाचा अभ्यास करण्यासाठी मी लॅम्प्स (LAMMPS) वापरतो. अमेरिकेतील सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेत विकसित झालेले हे रेणुगतिकीचे, म्हणजे रेणूंच्या हालचाली संगणकावर घडवून पाहण्याचे, सॉफ्टवेअर मोफत व मुक्तस्रोत आहे आणि त्याची माहितीपुस्तिका इतकी तपशीलवार आहे, की नव्या संशोधकाने आधी तीच वाचावी.

मला त्यात सर्वाधिक मोलाची वाटते ती जीसीएमसीची (ग्रँड कॅनॉनिकल माँटे कार्लो) सोय. ठरावीक रासायनिक विभवाला ती मेथॅनॉलचे रेणू पेटीत, म्हणजे संगणकातल्या पॉलिमरच्या छोट्या नमुन्यात, घालते आणि काढते. याच्याशी आलटून-पालटून पॉलिमरच्या साखळ्यांना स्थिर दाबाखाली हलू दिले, की पॉलिमर किती शोषतो आणि किती फुगतो, हे दोन्ही हाती येते.

विसरण गुणांकाच्या, म्हणजे रेणू किती वेगाने पसरतात हे सांगणाऱ्या आकड्याच्या, बाबतीत मात्र सावध राहावे. गुणांक सेकंदाला 10⁻¹⁰ चौरस सेंटिमीटर असेल, तर 100 नॅनोसेकंदांत रेणू सरासरी 0.08 नॅनोमीटरच सरकेल, म्हणजे कार्बन-कार्बन बंधाच्या निम्म्याच लांबीइतका. एवढ्या वेळात बहुतेक रेणू आपापल्या पोकळीतच घुटमळतात आणि शेजारच्या पोकळीत क्वचितच उडी घेतात. सरासरी वर्ग-विस्थापनाचा (रेणू सरकलेल्या अंतराच्या वर्गाच्या सरासरीचा) आलेख काळाशी सरळ प्रमाणात येण्यापूर्वीच त्यावर रेषा बसवली, तर मिळणारा आकडा विसरण गुणांक नसतो; हा दोष सॉफ्टवेअरचा नसून घाईचा असतो. शिवाय विस्थापन मोजण्याची तयार आज्ञा एकाच आरंभक्षणापासून मोजते, म्हणून रेणूंचे मार्ग साठवून अनेक आरंभक्षणांवर सरासरी काढणे मला अधिक विश्वासार्ह वाटते.

सरकती सीमा मात्र या पेटीत मावणारी नाही. तिच्यासाठी थॉमस आणि विंडल यांनी 1982 मध्ये मांडलेले प्रतिरूप लागते, ज्यात परासरण दाब पॉलिमरला फुगवू पाहतो, पॉलिमरची श्यानता त्याला विरोध करते आणि द्रावक आत शिरेल तशी ती श्यानता झपाट्याने घटते. लॅम्प्समधून मिळालेले शोषणाचे आकडे मी त्या समीकरणांत घालतो.