एचसीईएस 2022-23 चा युनिट लेव्हल डेटा: फुकट आहे, पण पुढचं शून्य जपा

पाचपैकी चार. एक गुण क्रमांकाच्या सुरुवातीच्या शून्यापायी गेला, आणि या रिव्ह्यूचा मोठा भागही त्या शून्यापायीच जाणार आहे. एचसीईएस म्हणजे सरकारचं घरगुती उपभोग खर्चाचं सर्वेक्षण, आणि युनिट लेव्हल डेटा म्हणजे त्यातल्या घराघराच्या मूळ नोंदी.

आधी पैशाचं बोलू. नोंदणी करा, कशासाठी हवा ते लिहा, उतरवून घ्या. दमडी लागत नाही. घरगुती खर्चाचा खासगी डेटा वर्गणी भरून घ्यावा लागतो आणि ती वर्गणी एकट्या संशोधकाला झेपण्यातली नसते. इथे 2,61,746 घरांचा वर्षभरात गोळा केलेला हिशेब फुकट, त्यावर आकडेमोडीचं आर हे सॉफ्टवेअरही फुकट. स्टाटा या विकतच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स घ्यायची काही गरज नाही.

आता शून्य. फाइली फिक्स्ड-विड्थ टेक्स्ट आहेत: एका ओळीत सलग अंक, आणि कुठून कुठपर्यंत काय ते सोबतच्या लेआउटमध्ये. घराला एकच ओळख क्रमांक दिलेला नाही. एफएसयू (निवडलेलं गाव किंवा शहरातला भाग) क्रमांक, सॅम्पल एसयू व सब-डिव्हिजन (त्याचे पोटभाग), सेकंड स्टेज स्ट्रॅटम (घरांचा थर) आणि घराचा अनुक्रमांक असे पाच रकाने जोडून तो आपणच बनवायचा. हीच किल्ली, हिच्यावरून वेगवेगळ्या फाइलींतली घरं जुळवायची. एक्सेलमध्ये उघडलं, किंवा आरने रकाना आपणहून अंक म्हणून वाचला, की 05 चा 5 होतो आणि किल्ली बिघडते. समजा, एफएसयू 01234, पुढे 1, 1, 1 आणि घर 12. दुसरीकडे एफएसयू 12341, पुढे 1, 1, 1 आणि घर 02. शून्यं गळाल्यावर चिकटवा: दोन्हीकडे 123411112. दोन गावांतली दोन कुटुंबं एक झाली, आणि सॉफ्टवेअर हूं की चूं करत नाही. उलटंही होतं. एक लेव्हल, म्हणजे डेटाची एक फाइल, शून्यासकट वाचली आणि दुसरी शून्याविना, की घरं जुळतच नाहीत, गुपचूप गळतात, आणि तुम्ही उरलेल्यांची सरासरी काढत बसता.

उपाय दोन मिनिटांचा आहे. वाचताना सगळे रकाने मजकूर म्हणूनच घ्या. किल्ली बनली की मगच रक्कम आणि प्रमाण अंकात बदला. पाच रकान्यांच्या मध्ये अंडरस्कोर टाका. प्रश्नावली क्रमांक किल्लीत घेऊ नका, नाहीतर खाद्यपदार्थांची नोंद टिकाऊ वस्तूंच्या नोंदीला कधीच भेटणार नाही. आणि प्रत्येक जोडणीनंतर वेगवेगळी घरं मोजा. 2,61,746 च्या खाली आकडा गेला तर तिथेच थांबा. एक्सेलला तर या कामात हातच लावू नका, ते 10,48,576 ओळींपुढे जात नाही. घरामागे चाळीसच वस्तू धरल्या तरी कोटीभर ओळी होतात.

तीन प्रश्नावल्यांबद्दल मात्र मत बदललं. खाद्यपदार्थ, वापराच्या वस्तू व सेवा, टिकाऊ वस्तू अशा तीन वेगळ्या भेटी, आणि प्रत्येक भेटीला कुटुंबाची माणसं पुन्हा मोजलेली. सुरुवातीला वाटलं, नसता ताप. एका घरात आधी पाच माणसं, महिन्याने चार. भागायचं कशाने? उत्तर सरळ आहे: प्रत्येक भागाचा खर्च त्या त्या भेटीच्या कुटुंबसंख्येने भागा आणि मग तिन्हींची बेरीज करा. तीनचारशे वस्तू एका बैठकीत विचारल्या की उत्तर देणारी बाई कंटाळते आणि शेवटची पानं उरकली जातात. ते टाळायचं तर ही किंमत स्वस्तच म्हणायची. तुलनेला मात्र यामुळेच अडचण होते, ते पुढे येईल.

उरलेली पथ्यं भराभर. सात दिवसांचा खर्च 30/7 ने आणि 365 दिवसांचा 30/365 ने गुणून महिन्यावर आणा. उपबेरजांच्या ओळी वस्तूंच्याच यादीत असतात, उदाहरणार्थ धान्याची 129 या कोडवर. सगळंच बेरजेत धरलं तर खर्च दुप्पट दिसतो. मल्टिप्लायर या रकान्यात दोन दशांश स्थळं गृहीत आहेत, 100 ने भागल्यावर घराचं वेट मिळतं, म्हणजे नमुन्यातलं ते घर एकूण किती घरांच्या वतीने बोलतं ते. दरडोई आकड्यासाठी ते कुटुंबसंख्येने गुणा. नुसतं घराचं वेट लावलं तर सरासरी फुगते, कारण गरिबाघरी माणसं जास्त. वेटच लावलं नाही तर आणखी फुगते: शहरात मोटार असलेली घरं वेगळा थर करून निवडली आहेत, आणि नमुन्यात ती लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा जास्त आहेत. सामाजिक गटाचे कोड 1, 2, 3 आणि 9 असे आहेत. 9 म्हणजे इतर, तो अंक समजून रिग्रेशनमध्ये (घटकांचा संबंध मोजणाऱ्या गणितात) टाकू नका.

एवढं झालं की अधिकृत आकड्यांशी ताडून बघा. देशाची एमपीसीईची, म्हणजे माणशी महिन्याच्या खर्चाची, सरासरी ग्रामीण 3,773 आणि शहरी 6,459 रुपये यायला हवी. महाराष्ट्राची 4,010 आणि 6,657, गोव्याची 7,367 आणि 8,734. सरासरी जुळली तरी टोकं तपासा: तळचे पाच टक्के ग्रामीण 1,373, वरचे पाच टक्के शहरी 20,824. हे रुपयापर्यंत जुळतं तेव्हा जो आनंद होतो तो या डेटाचा खरा बोनस. जुळत नसेल तर गरिबीबद्दल अवाक्षर काढू नका, आधी किल्ली तपासा.

फुकट मिळालेल्या वस्तूंचा हिशेब वेगळा ठेवलाय, हे चांगलं केलं. रेशनचं मोफत धान्य, सायकल, लॅपटॉप यांची किंमत धरली की ग्रामीण सरासरी 3,860 होते, म्हणजे 87 रुपयांची भर. शहरात 62. किंमत धरायच्या दोन पद्धती आहेत, सर्वाधिक आढळणारा दर किंवा पंचविसाव्या शतमकाचा दर (ज्याच्या खाली पंचवीस टक्के दर येतात तो). कोणती घेतली ते लिहा. सरकारी शाळा आणि सरकारी दवाखाना यांची किंमत यात येत नाही, त्यामुळे ही भर म्हणजे 'सरकारने दिलेलं सगळं' नव्हे.

गरिबी मोजायला बसलात की खरी कटकट सुरू होते. तेंडुलकर समितीची गरिबीची रेषा 2011-12 साठी देशात माणशी महिना ग्रामीण 816 आणि शहरी 1,000 रुपये, महाराष्ट्रात 967 आणि 1,126. महागाईचा निर्देशांक लावून ती पुढे आणता येते, पण ती रेषा ज्या खर्चावर बसवली होती त्यात खाद्यपदार्थांना तीस दिवसांची आठवण होती. इथे भाजी, फळं, तेल, अंडी, मासे, मटण सात दिवसांच्या आठवणीवर आहेत. सात दिवसांच्या प्रश्नाला लोक जास्त खर्च सांगतात. म्हणजे नुसती प्रश्न विचारायची रीत बदलून काही कुटुंबं रेषेच्या वर चढतात. रंगराजन समितीच्या 972 आणि 1,407 या रेषा सुधारित पद्धतीच्या, म्हणजे काही वस्तूंना सात दिवसांची आठवण धरणाऱ्या, आहेत, त्या जास्त जवळच्या. तरी 2011-12 शी तुलना करताना तीन भेटी, वाढलेली यादी आणि नमुन्याची नवी रचना यांचा उल्लेख केल्याशिवाय 'गरिबी इतकी घटली' लिहू नये. मधला 2017-18 चा फेरा तर दर्जाचं कारण देऊन प्रसिद्धच झाला नाही, त्यामुळे अकरा वर्षांचा पूल दोनच खांबांवर उभा आहे.

विषमतेचंही तसंच. जिनी हा विषमतेचा निर्देशांक, शून्य म्हणजे पूर्ण समता. 2011-12 पासून ग्रामीण जिनी 0.283 वरून 0.266, शहरी 0.363 वरून 0.314. हा खर्चाचा जिनी आहे, उत्पन्नाचा नव्हे. श्रीमंत माणूस कमाईतला मोठा भाग खर्चच करत नाही, आणि फार श्रीमंत माणूस दारही उघडत नाही. याचा आधार घेऊन 'भारतात समता आली' म्हणणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. उत्पन्नच हवं असेल तर आयएचडीएस या मानव विकास सर्वेक्षणाकडे जा: 2004-05 आणि 2011-12, बरीचशी तीच कुटुंबं पुन्हा गाठलेली. जुना आहे, पण प्रश्न तुमचा विचारतो.

जिल्ह्याचा रकाना दिसतो म्हणून जिल्हावार गरिबी काढायचा मोह होईल. एका एफएसयूमध्ये 18 घरं, आणि जिल्ह्यात एफएसयू मोजकेच, त्यामुळे तो आकडा भरवशाचा नसतो. महाराष्ट्र सहा एनएसएस (राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण) विभागांत पाहा, आणि प्रमाण त्रुटी, म्हणजे अंदाज किती डळमळीत आहे ते, एफएसयूचे क्लस्टर (एकत्र निवडलेल्या घरांचे गट) धरून काढा.

निकाल इतरांना देताना मूळ फाइल वाटू नका, तशी अट मान्य करूनच ती मिळालेली असते. तुमची स्क्रिप्ट, वस्तूंच्या वर्गीकरणाची यादी आणि एकत्रित तक्ते द्या. समोरचा स्वतः डेटा उतरवून घेईल. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत लेआउटची तारीख लिहा. 2023-24 चं सर्वेक्षण जोडणार असाल तर किल्लीत वर्षही घाला. दोन्ही वर्षांची घरं वेगळी आहेत. रकान्याचं नाव 'पॅनेल' असलं तरी तो क्षेत्रकामाचा तीन महिन्यांचा टप्पा आहे, तीच माणसं पुन्हा भेटलेली नाहीत.