कॅनडाचा पीआर (कायम राहण्याचा परवाना) रिफ्यूज झाल्यावर कोर्टात गेले, नऊ महिन्यांचा अनुभव

2014 ला बारावी करून सांगलीहून कॅनडाला आले. चार वर्षं डिग्री, दोन वर्षं मास्टर्स, सगळं ओंटारियोतच. ऑगस्ट 2020 ला कोर्स संपला, लगेच वर्क परमिटचा अर्ज टाकला आणि 1 सप्टेंबरला नोकरीला लागले. वर्ष भरलं आणि 14 सप्टेंबर 2021 च्या सीईसी ड्रॉमध्ये (कॅनडातच नोकरीचा अनुभव घेतलेल्यांना गुणांवर पीआरच्या अर्जासाठी बोलावतात तो) नंबर लागला, कटऑफ 462 गुण आणि माझे 465. अर्ज टाकला. घरी पेढे वाटले गेले.

जानेवारी 2023 ला पोर्टलवर पत्र आलं, अर्ज नामंजूर. कारण एका ओळीत, एक वर्षाच्या नोकरीच्या अनुभवाबद्दल इमिग्रेशन अधिकाऱ्याची खात्री पटली नाही म्हणे. ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून ते पत्र चार वेळा वाचलं, हात थरथरत होते, घरी काय सांगायचं तेच कळेना.

मित्रमैत्रिणी म्हणाले इमिग्रेशनचा ऑनलाइन वेबफॉर्म भर, रिकन्सिडरेशन म्हणजे फेरविचार माग, नाहीतर नवीन प्रोफाइल टाकून पुन्हा ड्रॉमध्ये उतर. नवीन प्रोफाइलचं गणित बसत नव्हतं, दोन वर्षांचा अनुभव धरून माझे 478 होत होते आणि त्या महिन्यातले ड्रॉ 507 आणि 490 ला. (नंतर मार्चमध्ये 481 पर्यंत उतरला, तरी तीन मार्कांनी राहिलेच असते.) वेबफॉर्म मात्र भरला आणि उत्तराची वाट बघत बसले, ही माझी मोठी चूक. आठव्या दिवशी वकिलाकडे गेले तेव्हा त्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, पत्राची तारीख काय? कारण निर्णय कॅनडातच झाला असेल तर फेडरल कोर्टात अर्ज करायला फक्त 15 दिवस मिळतात, बाहेरच्या ऑफिसने दिलेला असेल तर 60, आणि वेबफॉर्म टाकला म्हणून हे दिवस थांबत नाहीत. आम्ही तेराव्या दिवशी फाइल केलं. कोर्टाची फी 50 डॉलर, वकिलाची अर्थातच कितीतरी जास्त, ती मी हप्त्यांनी दिली.

आपण सगळे याला अपील म्हणतो पण ते अपील नाही. फॅमिली स्पॉन्सरशिपच्या (घरच्यांना बोलावून घेण्याच्या) केसला अपील डिव्हिजन आहे, आपल्यासारख्या नोकरीवाल्यांना तो रस्ताच नाही. आपल्याला आधी कोर्टाकडे परवानगी मागावी लागते, ती मिळाली तर न्यायाधीश एवढंच बघतात की अधिकाऱ्याचा निर्णय कागदांना धरून आणि तर्काला धरून होता का. पीआर कोर्ट देत नाही, चूक सापडली तर फाइल दुसऱ्या अधिकाऱ्याकडे जाते. वकीलबाई प्रत्येक मीटिंगला कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाच्या 2019 च्या वाविलोव्ह निकालाचं नाव घ्यायच्या, तो हाच मुद्दा.

खरं कारण कोर्टामार्फत अधिकाऱ्याच्या नोट्स आल्यावर कळलं. फुल टाइम शिकत असताना केलेलं काम सीईसीत धरत नाहीत, हा नियम बरोबरच आहे. पण अधिकाऱ्याने माझं शिक्षण संपल्याची तारीख म्हणून पदवीदान समारंभाची तारीख धरली होती, ऑक्टोबर 2020 ची, म्हणजे पहिले जवळजवळ दोन महिने उडाले आणि वर्ष भरलंच नाही. कोर्स ऑगस्टमध्येच पूर्ण झाला असं युनिव्हर्सिटीचं सही-शिक्क्याचं पत्र मी जोडलं होतं. पण कुठे, तर ट्रान्सक्रिप्टच्याच (मार्कांच्या उताऱ्याच्या) पीडीएफमध्ये, तिसऱ्या पानावर, ट्रान्सक्रिप्टच्या मागे. नोट्समध्ये त्या पत्राचा उल्लेखही नाही.

आणि त्याच तिसऱ्या पानाने मला वाचवलं. कोर्टात सहसा नवीन पुरावा चालत नाही, अधिकाऱ्यासमोर जे कागद होते तेवढेच. ते पत्र मी तेव्हा अपलोडच केलं नसतं तर कितीही खरं असलं तरी उपयोग नव्हता. म्हणून मला जो कोणी विचारतो त्याला मी आधी हेच विचारते, की ज्या कागदावर तुझी केस उभी आहे तो तू अर्जासोबत टाकला होतास का? नसेल टाकला तर कोर्टावर पैसे घालण्याआधी वकिलाला स्पष्ट विचार.

सुनावणीपर्यंत गेलंच नाही. मे महिन्यात सरकारी वकिलाकडून तडजोड आली, निर्णय मागे घेऊन दुसऱ्या अधिकाऱ्याकडे देतो, तुम्ही केस काढून घ्या. वकिलीचा खर्च परत मिळत नाही, इमिग्रेशनच्या केसमध्ये खास कारणाशिवाय कोर्ट तो देत नाही. मी हो म्हटलं. मग परत मेडिकल, कारण ते 12 महिनेच चालतं, परत पोलीस सर्टिफिकेट, परत नोकरीचं पत्र, आणि या वेळी कोर्स संपल्याचं पत्र वेगळी फाइल करून, नावात तारीख लिहून, सोबत दोन ओळींचं कव्हर लेटर.

माझं वर्क परमिट नोव्हेंबरला संपत होतं, त्यामुळे सप्टेंबर कसा काढला ते मलाच माहीत. ऑक्टोबर 2023 ला एका संध्याकाळी नऊ वाजता पीआरचं कन्फर्मेशन आलं. घरी सकाळचे साडेसहा, आई दूध तापवत होती, फोनवर मला बोलताच येईना तर तीच म्हणाली, झालं ना? मी हो म्हटलं तशी ती पप्पांना उठवायला धावली आणि इकडे मला फोनवर दूध उतू गेल्याचा आवाज येत होता.