शिकागोचं दिपॉल विद्यापीठ : वर्षभराहून जास्त शिकल्यानंतरचा अनुभव

दिपॉलमध्ये मी कॉम्प्युटर सायन्सचं मास्टर्स करतेय. मागच्या वर्षीच्या सप्टेंबरात सुरू केलं, सध्या सुट्टीत कोथरूडला घरी आलेय. एमएसची तयारी करणारी ओळखीची मुलं आणि त्यांचे आईवडील भेटायला येतात आणि पहिल्यांदा रँकिंगच विचारतात. रँकिंग कुठेही बघायला मिळेल. मला सांगायचंय ते वेगळं आहे. हे नोकरी करत शिकणाऱ्या माणसांचं विद्यापीठ आहे. एवढं ध्यानात घेऊन गेलात तर तिथे फार चांगलं शिकायला मिळतं, नाहीतर पहिले तीन महिने काय चाललंय तेच कळत नाही.

आधी धर्माचं बोलते. दिपॉल हे कॅथलिक विद्यापीठ आहे, आणि आमच्या आत्याने आणि तिच्यामागून अख्ख्या भिशी मंडळाने तेच विचारलं : “कॅथलिक म्हणजे बायबल शिकावं लागतं का गं?” मास्टर्सला नाही. वर्गात प्रार्थना नाही, चर्चला जायची सक्ती नाही, प्रवेशाच्या वेळी धर्माचा प्रश्न येत नाही. बॅचलर्सच्या मुलांना सामान्य अभ्यासक्रमात धर्म या विषयाचे थोडे क्रेडिट घ्यावे लागतात, पण तिथे इतर धर्मांवरचे विषयही निवडता येतात. पुण्यात पाषाण रस्त्यावरच्या लोयोला शाळेमुळे जेझुइट या कॅथलिक संघाचे पाद्री बऱ्याच जणांना माहीत आहेत. शिकागोतलं लोयोला विद्यापीठ त्यांचं, 1870 मधलं. दिपॉल मात्र व्हिन्सेन्शियन पाद्र्यांचं. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये गोरगरिबांसाठी काम केलेल्या संत विन्सेंट डी पॉल यांचा हा संघ. 1898 साली त्यांनी शिकागोत स्थलांतरितांच्या मुलांसाठी सेंट व्हिन्सेंट्स कॉलेज काढलं आणि 1907 मध्ये त्याचं दिपॉल विद्यापीठ झालं. 1911 पासून तिथे मुलीही शिकू लागल्या. त्या काळातल्या कॅथलिक संस्थेसाठी ही मोठीच गोष्ट होती. आज विद्यार्थिसंख्येत ते अमेरिकेतलं सगळ्यांत मोठं कॅथलिक विद्यापीठ म्हणून ओळखलं जातं.

हा इतिहास मला रोजच्या वेळापत्रकात दिसतो : दिवसा नोकरी करणाऱ्यांनाही शिकता यावं असंच ते आखलेलं आहे. आमचे बरेचसे वर्ग संध्याकाळी पावणेसहा ते नऊ असतात, एका विषयाचा आठवड्यातून एकदाच. जागा शहराच्या ऐन मध्यात, लूप भागात, वॉबॅश रस्त्यावर. खिडकीबाहेर लोखंडी खांबांवरून ‘एल’ ट्रेन जाते. ती जाताना शिकवणारे क्षणभर थांबतात आणि गाडी पुढे गेली की वाक्य तिथूनच उचलतात. माझ्या शेजारी बसणारे गृहस्थ एका बँकेत डेटाबेस सांभाळतात आणि ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात तसंच ठेवून वर्गात येतात. डेटाबेसच्या विषयात सरांनी इंडेक्स, म्हणजे माहिती पटकन सापडावी म्हणून केलेल्या याद्या, कसे बांधायचे ते फळ्यावर दाखवलं. त्यावर हे म्हणाले, “आमच्याकडे रात्री दोनला हेच कोसळतं.” मग अर्धा तास त्यावरच चर्चा झाली. मी खराडीला चार पैसे कमावून मग शिकायला गेले, त्यामुळे मला हे वातावरण फार मानवलं. शिकवणाऱ्यांतही दिवसभर कंपनीत काम करून येणारे पुष्कळ आहेत. त्यांनी दिलेल्या असाइनमेंटमध्ये खऱ्या कामातला गुंता असतो. शिवाय बरीच लेक्चर्स रेकॉर्ड होतात, त्यामुळे एखादा भाग डोक्यावरून गेला तर डीटूएल या विद्यापीठाच्या ऑनलाइन वर्गाच्या साइटवर किंवा कॉलेजच्या पोर्टलवर जाऊन पुन्हा ऐकता येतो.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, क्वार्टर. आपल्याकडे सेमिस्टर आहे, अमेरिकेतही बहुतेक ठिकाणी तेच. दिपॉलमध्ये दहा आठवड्यांचा क्वार्टर आणि अकराव्या आठवड्यात परीक्षा. आठवड्यातून एकच वर्ग म्हणजे पूर्ण विषयाची दहाच व्याख्यानं. एक बुडलं की विषयाचा दहावा हिस्सा गेला. पाचव्या आठवड्यात मिडटर्म येते. इंजिनीअरिंगला आपण आधी रमतगमत जातो, सबमिशनच्या आठवड्यात जर्नलं पुरी करतो आणि पीएलमध्ये, म्हणजे परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या सुट्टीत, रात्रीचा दिवस करतो. इथे पीएल नावाचा प्रकारच नाही. पहिल्या वर्गानंतर लगेच पहिली असाइनमेंट पडते. पुण्यातल्या ज्या सल्लागाराकडे मी पैसे भरले होते, त्यांनी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. मुलांकडून एवढी फी घेता, तर वेळापत्रक तरी समजावून सांगा, असं मला आजही वाटतं.

त्याची दुसरी बाजूही आहे. विषय नावडता निघाला तरी अडीच महिन्यांत संपतो, आणि वर्षभरात बरेच वेगवेगळे विषय घेऊन बघता येतात. थँक्सगिव्हिंगच्या सुमारास ऑटम क्वार्टर संपला की थेट जानेवारीत वर्ग सुरू होतात, म्हणजे घरी यायला साधारण सहा आठवडे मिळतात. सेमिस्टरवाल्या माझ्या मैत्रिणी डिसेंबरात परीक्षा देत असतात तेव्हा मी पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवाला बसलेली असते.

मात्र इंटर्नशिपसाठी एक अडचण लक्षात ठेवा. स्प्रिंग क्वार्टर जूनच्या मध्यापर्यंत चालतो आणि काही कंपन्यांच्या इंटर्नशिप मे महिन्यातच सुरू होतात. मुलाखतीतच सांगायचं की मी जूनच्या मध्यानंतर येईन. बऱ्याच शिकागोच्या कंपन्यांना हे ठाऊक असतं, बाहेरच्यांना समजावावं लागतं. सीपीटीसाठी, म्हणजे शिकत असताना इंटर्नशिप करायच्या परवानगीसाठी, आधी एक शैक्षणिक वर्ष पूर्ण व्हावं लागतं, म्हणजे आमचे तीन क्वार्टर. व्हिसाच्या हिशेबात दोन विषय, म्हणजे 8 क्रेडिट घेतले की मास्टर्सचा विद्यार्थी पूर्णवेळ ठरतो, आणि त्यात ऑनलाइन एकच विषय धरला जातो. पहिल्या क्वार्टरला दोनच घ्या. फी क्रेडिटवर असते, त्यामुळे तिसरा विषय घेण्याआधी कर्जाचा हिशेब मांडा.

खर्च कमी नाही. खासगी विद्यापीठ, त्यात शिकागो. राहायला मी ‘एल’ ट्रेनच्या रेड लाइनच्या जवळ खोली घेतलीय. पूर्णवेळ विद्यार्थ्यांना यू-पास मिळतो, त्यावर क्वार्टरभर ट्रेन आणि बस. लिंकन पार्कचा कॅम्पस फुलर्टन स्टेशनला, लूपचा जॅक्सनला. झाडं, वसतिगृहं, मोठं ग्रंथालय हे सगळं लिंकन पार्कला आहे. लूपमध्ये नुसत्या इमारती. हिरवं कॅम्पस डोळ्यांसमोर असेल तर आपला विभाग कुठे आहे ते आधी पाहा. किराण्याला मी डेव्हन ॲव्हेन्यूला जाते. तिथे पोहे, गोडा मसाला, सगळं मिळतं. थंडीबद्दल जास्त लिहीत नाही : विंटर क्वार्टर ऐन कडाक्यात येतो आणि रात्री नऊला वर्ग सुटल्यावर मिशिगन तळ्याकडून येणारा वारा हाडात शिरतो. जाकीट तिकडेच घ्या, इथून नेलेलं पुरत नाही.

जाता जाता, आत्यासाठी : 1893 च्या सर्वधर्म परिषदेत विवेकानंद जिथे बोलले ती आर्ट इन्स्टिट्यूटची इमारत आमच्या वर्गापासून चालत काही मिनिटांवर आहे. तिला तिथला फोटो हवा होता, तो मी काढून आणलाय.

ज्यांना पुढे संशोधनातच जायचंय त्यांनी आपल्या विषयात तिथे कोण काम करतं ते बघूनच अर्ज करावा. नोकरीसाठी शिकायचं असेल, दोन-तीन वर्षं काम केलेलं असेल आणि दर आठवड्याला नेमाने बसायची तयारी असेल, तर मी दिपॉल सुचवीन. डिपॉझिट भरण्याआधी एवढं करा : कॉम्प्युटिंग कॉलेजच्या विषयांचे सिलॅबस संकेतस्थळावर खुले असतात. आपण घेणार त्यातले दोन उघडा आणि दहा आठवड्यांत काय काय संपवायचंय ते वाचा.